हिंदमाताचं पाणी आणि कूपरेजची गॅलरी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मुंबईत पाऊस लागला, की बातम्यांत एक नाव हमखास येतं. हिंदमाता. एरवी वर्षभर साड्या आणि ड्रेस मटेरियल घ्यायला येणाऱ्या बायकांखेरीज आमच्या चौकाची कुणी फारशी चौकशी करत नाही. पण जूनमधली पहिली मोठी सर पडली, की सारा महाराष्ट्र आम्हाला ओळखतो. बशीसारखा खोलगट भाग, चारही बाजूंनी येणारं पाणी आणि मध्ये बंद पडलेली टॅक्सी. हे चित्र तुम्ही इतक्या वेळा पाहिलं असेल, की आता त्यात नवल उरलेलं नाही.

पण आमच्या घरात या पाण्याकडे बघायची एक वेगळी तऱ्हा होती. गुडघाभर पाणी साचलं, की माझे अब्बा खिडकीतून खाली बघत आणि म्हणत, "चला, सीझन सुरू झाला." त्यांचा सीझन म्हणजे फुटबॉलचा. कारण मुंबईत क्रिकेट उन्हाचं आणि फुटबॉल पावसाचं, अशी जुनी वाटणीच होती. पाऊस आला, की क्रिकेटच्या पिचवर ताडपत्री पडायची आणि हारवूड लीगचे सामने चालू व्हायचे. चिखलात खेळायचा खेळ, आणि चिखलाचं तर आम्हाला काय कौतुक!

आज मला बोलायचं आहे ते या खेळाच्या प्रेक्षकांबद्दल. खेळाडूंवर थोडंफार लिहिलं गेलं आहे. पण वर्षानुवर्षं गॅलरीत बसून ज्यांनी घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला, त्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. अशा चार माणसांना मी लहानपणापासून पाहत आलो. आज त्यांपैकी एकही हयात नाही, म्हणून थोडं मोकळेपणानं बोलता येईल.

पहिले माझे अब्बा. श्रीवर्धनकडच्या खेड्यातून वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईत आलेले आणि हिंदमाताच्या एका कापड दुकानात गादीवर बसणारे. दुसरे परळच्या एका गिरणीत काम करणारे काका, मूळचे साताऱ्याकडचे, राहायला नायगावात. तिसरे गोव्याचे, गोदीत टॅली क्लार्क. आणि चौथे माटुंग्याचे तमीळ गृहस्थ, बँकेत नोकरीला. भाषा चार, धर्म तीन, पगार चार तऱ्हांचे. एकत्र यायचं काही कारण नव्हतं. कारण एकच, कूपरेजची गॅलरी.

गॅलरीत माणसाला आई-बापांनी ठेवलेलं नाव चालत नाही. तिथं त्याचं पुन्हा बारसं होतं. अब्बांना सगळे 'लाइन्समन' म्हणत, कारण समोरच्या संघाचा खेळाडू पुढे धावला, की त्यांची छत्री आपोआप वर जायची. गोव्याच्या अंकलचं नाव 'पेनल्टी'. कुणीही कुठंही पडलं, अगदी मैदानाच्या मध्यावर पडलं, तरी हे उठून पेनल्टी मागायचे. बँकेतले गृहस्थ 'खातेवही', कारण प्रत्येक सामन्याची नोंद ते एका वहीत करीत. आणि गिरणीतले काका 'हाफटाइम'. गिरणीची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. त्यानंतर हातपाय धुऊन, गाडी पकडून, चर्चगेटला उतरून, ओव्हल मैदानाच्या कडेनं धावतपळत ते कूपरेजला पोचायचे, तेव्हा मध्यंतराची शिटी झालेली असायची. आल्याबरोबर पहिला प्रश्न, "किती?" आणि दुसरा प्रश्न, "चहा झाला का?"

आता हे कूपरेज काय आहे, ते थोडं सांगतो. कंपनी सरकारच्या काळात इथं लाकडी पिपं बनवणाऱ्यांच्या शेड होत्या. पिपं बनवणारा तो कूपर, म्हणून ते कूपरेज. पिपं गेली, नाव राहिलं. शेजारी कुलाब्याला गोऱ्या पलटणींचा तळ. या पलटणींनी आपल्याबरोबर फुटबॉल आणला आणि त्यातूनच १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला. देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी ही एक. सिमल्याला सुरू झालेला ड्युरँड कप तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. सुरुवातीची कितीतरी वर्षं हा कप एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे जात राहिला. आपल्या लोकांचं काम बघण्याचं. तेही दोरीच्या बाहेरून.

मग चित्र बदलू लागलं. १९११ साली कलकत्त्यात मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकली. १९२३ साली हाच संघ रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. १९३७ साली मात्र बंगलोर मुस्लिम्स या संघानं रोव्हर्स कप जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ. पुढच्या वर्षी त्यांनीच तो पुन्हा जिंकला. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं रोव्हर्स आणि ड्युरँड हे दोन्ही कप पटकावले. ड्युरँड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. पलटणीचे बूट आणि आपले अनवाणी पाय या सामन्याचा निकाल असा हळूहळू लागत गेला.

अब्बा मोहमेडन स्पोर्टिंगवाले. याला कारण त्यांच्या गावच्या मशिदीत कुणीतरी आणलेलं जुनं उर्दू वर्तमानपत्र. त्यात या संघाचा फोटो होता आणि अब्बांनी तो लहानपणी पाहिला होता. बस्स, तेवढ्यावर माणूस जन्मभराचा बांधला गेला. कलकत्ता त्यांनी कधी पाहिलं नाही. पण त्या संघाचा एखादा खेळाडू जायबंदी झाला, की आमच्या घरात दोन दिवस मटण शिजत नसे.

इथं एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या काळचं मुंबईचं क्रिकेट धर्मावर उभं होतं. हिंदूंचा संघ, पारशांचा संघ, मुसलमानांचा संघ, अशी ती पंचरंगी स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. फुटबॉलमध्येही मोहमेडनसारखे संघ होतेच. पण स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फुटबॉलचा पाया पडला तो वेगळ्याच जागी. तो पडला हजेरीपटावर. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, मफतलाल, रेल्वे, बँका, पोर्ट ट्रस्ट. चांगला खेळाडू दिसला, की त्याला नोकरी द्यायची आणि सामन्याच्या दिवशी लवकर सोडायचं. नोकरी पक्की, म्हणून खेळ पक्का. खेळाडूंत गोव्याचे होते, मलबारचे होते, हैदराबादचे होते, गुरखे होते. साहजिकच प्रेक्षकाची निष्ठा ठरायची ती त्याच्या जातीवरून किंवा धर्मावरून नाही, तर तो कुठल्या गेटातून कामावर जातो यावरून. हाफटाइमकाका मफतलालचे भक्त. वास्तविक ते मफतलालच्या गिरणीत नव्हतेच. त्यावर त्यांचं म्हणणं असं, "अरे, गिरणी कुठली का असेना, भोंगा सगळ्यांचा सारखाच!"

हाफटाइम आणि लाइन्समन यांची जुगलबंदी सांगण्यासारखी असे. काका म्हणत, "तुमचा संघ कलकत्त्याहून दोन दिवस गाडीत बसून येतो, निम्मा जीव तिथंच जातो." अब्बा म्हणत, "आणि तुमचा संघ परळहून येतो, त्याला लोअर परळच्या पुलावरच दम लागतो." पेनल्टी अंकल दोघांच्याही बाजूनं पेनल्टी मागत. खातेवही शांतपणे वहीत लिहीत. चौघांत मिळून शेंगदाण्याच्या दोन पुड्या.

ही मंडळी गॅलरीत बसू लागली ती १९५७ च्या सुमारास. काळ मोठा भाग्याचा. त्याआधीची पाच वर्षं, १९५० ते १९५४, हैदराबाद सिटी पोलीसनं रोव्हर्स कप ओळीनं जिंकला होता. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे साऱ्या देशाचे रहीमसाहेब. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच हाताखालच्या भारतीय संघानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं आणि त्यातले तीन गोल एकट्यानं मारले ते आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच. तो सामना आपण हरलो, स्पर्धेत चौथे आलो. पण त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत नेव्हिलचं नाव होतं. त्याच संघात गोलरक्षक एस. एस. नारायण होते, आमच्या शेजारच्या माटुंगा स्टुडंट्सचे. म्हणजे मेलबर्नचा गोल राखणारा माणूस किंग्ज सर्कलला दिसू शकत होता! खातेवहींनी ही गोष्ट जन्मभर लोकांना अशी सांगितली, जणू नारायणना हातमोजे त्यांनीच शिवून दिले होते.

पेनल्टी अंकलांचा नेव्हिलवर वेगळा हक्क. दोघंही मूळचे गोव्याचे. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते. कूड म्हणजे त्या गावच्या खलाश्यांना, आचाऱ्यांना, नोकरी शोधणाऱ्यांना मुंबईत पथारी टाकायला हक्काची जागा. भिंतीशी ओळीनं ठेवलेल्या पेट्या, वर आल्तार आणि संध्याकाळी फुटबॉलच्या गप्पा. मुंबईच्या संघांना गोव्याकडून जी कुमक मिळाली, तिच्यातले कितीतरी पाय पहिल्या रात्री अशा कुडांतच विसावले असतील.

आणि मग १९५८ साल. त्या वर्षी कॅलटेक्सनं रोव्हर्स कप जिंकला. पलटणींचे आणि बाहेरगावचे संघ घेऊन जात ते चषक, ते पहिल्यांदा मुंबईच्या एका नागरी संघानं मुंबईत ठेवलं. आमच्या चौकडीत या सामन्याला हजच्या यात्रेचा दर्जा होता. सामना पाहिलेला आणि न पाहिलेला, अशा दोनच जाती त्यांनी मानल्या. आणि गंमत बघा, मी मोठा झाल्यावर मला भेटलेल्या त्या वयाच्या प्रत्येक माणसानं तो सामना पाहिलेला होता. सगळ्यांची बेरीज केली, तर कूपरेजची गॅलरी थेट चर्चगेट स्टेशनापर्यंत न्यावी लागली असती.

तो सामना सगळ्यांत रंगवून कोण सांगे, तर हाफटाइमकाका. ऊन कुठल्या बाजूनं येत होतं, शेवटच्या शिटीला कुणाची टोपी उडाली, पेनल्टी अंकल कुणाच्या खांद्यावर चढले, घरी येताना ट्राममध्ये काय गाणं म्हटलं, कंडक्टरनं तिकीट कसं मागितलंच नाही. बोरीबंदर ते दादर टी. टी. ही ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला कायमची बंद झाली. आम्ही मुलांनी ती कधी पाहिली नाही. पण काकांच्या गोष्टीत ती इतकी खडखडत यायची, की आम्ही पाय आखडून घ्यायचो.

पुढे मफतलालनंही १९६५ साली रोव्हर्स जिंकला. संतोष ट्रॉफी तर मुंबईकडे १९५४ साली आली होती, १९६३ साली ती महाराष्ट्राच्या नावानं आली. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या संघानं सुवर्णपदक आणलं, तेव्हा संघात टाटांचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले. त्या दिवशी अब्बांनी दुकानात जाऊन नुसतं हिशेबाचं काम केलं, गिऱ्हाइकाशी बोलले नाहीत, असं आई सांगत असे.

सिनेमावाल्यांनाही या खेळाचं वेड होतं. दिलीपकुमार तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळत. पडद्यावरचे खलनायक प्राण यांचा तर पन्नासच्या दशकात स्वतःचा 'डायनामोज' नावाचा संघ होता. सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे कट्टर चाहते. अब्बांना याचा राग. "गाणी इतकी गोड, आणि पसंती अशी!" असं ते म्हणायचे, पण रेडिओ बंद करायचे नाहीत.

या चौघांच्या गप्पांत इतिहास किती आणि फोडणी किती, हा प्रश्न मला पुढे पडू लागला. उदाहरणार्थ, १९५० चा वर्ल्ड कप. हिंदमाताच्या नाक्यावरच्या इराण्याकडे दर रविवारी सकाळी ही मंडळी जमत, आणि महिन्यातून एकदा तरी हा विषय निघे. चौघांचं एकमत असं, की आपला संघ ब्राझीलला गेला नाही, कारण फिफानं अनवाणी खेळायला बंदी केली. ही समजूत देशभर आहे. तुमच्यापैकीही अनेकांची असेल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले, हे खरंच आहे. पण ब्राझीलला न जाण्याचं कारण एवढं सरळ नव्हतं. इतर देशांनी माघार घेतल्यामुळे आपल्याला न खेळताच प्रवेश मिळाला होता. लांबचा प्रवास, खर्च, सरावाला अपुरा वेळ अशी कारणं होती. यजमान देश खर्चाचा मोठा वाटा उचलायलाही तयार होता. पुढे त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी सांगितलं, की वर्ल्ड कपची थोरवीच तेव्हा आपल्या लोकांना ठाऊक नव्हती, ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व होतं. बुटांची गोष्ट चिकटली, कारण ती सांगायला सोपी आणि ऐकायला गोड. तिच्यात आपला दोष नाही, दोष दुसऱ्याचा.

मी कॉलेजात असताना हे कुठंतरी वाचून मोठ्या ऐटीत इराण्याकडे सांगितलं. चौघं गप्प. मग पेनल्टी अंकल म्हणाले, "बाबा, तू बी. ए. कर, पण आमचे पाय बुटात घालू नकोस."

मी हसलो. पण तेव्हा एक कळलं. या माणसांना खोटं बोलायचं नव्हतं. आपण हरलो ते कुणीतरी दार लावलं म्हणून, असं मानल्याशिवाय त्यांना पुढच्या सामन्याला जाता येत नव्हतं.

आणि दारं खरंच लागत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा झाला, कसा फिसकटला, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. लालबाग-परळचे भोंगे एकेक करून मुके झाले. त्या वर्षी कूपरेजला एका सामन्याला मी अब्बांबरोबर गेलो होतो. तेव्हा मी बारा वर्षांचा. सामना सुरू व्हायच्या आधीच गॅलरीच्या पायऱ्यांवर हाफटाइमकाका बसलेले दिसले. पंचवीस वर्षांत प्रथमच ते वेळेवर आले होते. गॅलरीत कुणाची टोपी उडाली तरी टोमणा मारणारी ही मंडळी, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. खातेवहींनी सरकून जागा दिली. चहाचे पैसे अब्बांनी दिले आणि पुढे कितीतरी वर्षं काकांना खिशात हात घालू दिला नाही. "पेनल्टीकडे बाकी आहे, त्यातून वळते करू," एवढंच म्हणायचे.

फुटबॉलही मग आटत गेला. १९८३ साली कपिलदेवच्या संघानं क्रिकेटचा वर्ल्ड कप आणला आणि पोरांच्या हातात बॅट आली. दूरदर्शनवर १९८६ साली मॅराडोना घरोघर दिसला. ज्यानं तो पाहिला त्याला कूपरेजवरचा खेळ संथ वाटू लागला. ऑर्के मिल्ससारखे संघ ऐंशीच्या दशकात चमकून गेले. पण गिरणीगाव उठल्यावर गॅलरीत बसणारा माणूसच मुंबईच्या बाहेर फेकला गेला, कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, कुणी गावी. २०००-०१ च्या मोसमानंतर रोव्हर्स कपही थांबला. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दाखवली, पण २०१० साली तोही संघ बंद झाला. नोकरी देऊन खेळाडू सांभाळायची जुनी रीत मोडली आणि तिच्याबरोबर ते हजेरीपटावरचे संघही गेले.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, यावर मी बराच विचार केला. जानेवारी १९९३. मुंबई पेटली होती. आमच्या चाळीत मुसलमानांची घरं दोन. अब्बांनी दार आतून लावून घेतलं होतं, आई कपाटामागे बसली होती. संध्याकाळी दारावर थाप पडली. आम्ही कुणी उघडेना. बाहेरून आवाज आला, "लाइन्समन, मी हाफटाइम." ते नायगावातून चालत आले होते. हातात एक घडीची खुर्ची होती. ती त्यांनी आमच्या दाराबाहेर मांडली आणि बसले. अब्बा म्हणाले, "अरे, घरी जा, तुझी बायको वाट बघत असेल." काका म्हणाले, "आज मी पहिल्या शिटीपासून आहे. कोण ऑफसाइडला येतंय ते बघतो." तीन रात्री ते तिथं बसले. काही झालं नाही. होणार होतं की नाही, हेही मला माहीत नाही. पण तीन रात्री माझी आई झोपली, हे मला माहीत आहे. नंतर या गोष्टीचा उच्चार चौघांपैकी कुणीच कधी केला नाही. पुढच्या रविवारी इराण्याकडे मोहमेडन स्पोर्टिंगची टिंगल मागील पानावरून पुढे चालू.

पेनल्टी अंकल निवृत्तीनंतर गोव्याला गेले आणि तिथंच वारले. अब्बा २०११ साली गेले. खातेवही २०१६ साली. त्यांच्या मुलानं मला बोलावून त्या वह्या दिल्या. म्हणाला, "आमच्याकडे कुणी फुटबॉल बघत नाही." अकरा वह्या. बारीक, सुबक इंग्रजी अक्षर. तारीख, संघ, गोल, कोण कोण हजर आणि चहाचे पैसे कुणाकडे बाकी. मी घरी आलो आणि साहजिकच आधी १९५८ चं पान काढलं.

तिथं लिहिलं होतं : कॅलटेक्स विजयी. लाइन्समन हजर. पेनल्टी हजर. हाफटाइम आला नाही. बदली मिळाली.

ज्यांना गिरणीचा व्यवहार माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. काका तेव्हा कायम नव्हते, बदली कामगार होते. बदलीवाल्यानं रोज गेटावर जाऊन उभं राहायचं. कायम माणूस आला नाही, तर त्याच्या साच्यावर काम मिळायचं. मिळालं, तर नाही म्हणायची सोय नसे. आज नाही म्हटलं, तर उद्या नाव पुकारलं जाईलच, याची खात्री कोण देणार? त्या दिवशी नेमकं त्यांचं नाव पुकारलं गेलं. कूपरेजला मुंबई जिंकत होती आणि हाफटाइमकाका साच्यावर उभे होते.

म्हणजे ते ऊन, ती टोपी, ते ट्रामचं गाणं, सगळं त्यांनी या तिघांकडून ऐकलेलं. इतक्या वेळा ऐकलं, की ते त्यांचंच झालं. आणि हे तिघांनाही माहीत होतं! खातेवहींकडे तर लेखी पुरावा होता. साठ वर्षं ते त्याच टेबलावर बसून ती गोष्ट ऐकत राहिले, माना डोलावत राहिले आणि एकदाही वही उघडली नाही. आकड्यासाठी माटुंग्यातल्या कुणाशीही भांडणारा तो माणूस.

२ जून २०१८ रोजी भारताचा कर्णधार सुनील छेत्री यानं लोकांना हात जोडून विनंती केली, की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. आदल्या दिवशी अंधेरीच्या मैदानात चिनी तैपेईविरुद्ध संघ ५-० असा जिंकला होता आणि प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. ४ जूनला केनियाविरुद्ध छेत्रीचा शंभरावा सामना होता. मी काकांना म्हटलं, जायचं का? वय ऐंशीच्या पुढे. म्हणाले, "बोलावलंय म्हटल्यावर जायला नको?"

त्या दिवशी धो धो पाऊस. हिंदमाताहून निघून टॅक्सीनं अंधेरी गाठेपर्यंत मध्यंतर झालं. पायऱ्या चढता चढता काकांनी शेजारच्या पोराला विचारलं, "किती?" तो म्हणाला, "अजून शून्य-शून्य, आजोबा." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, थांबलेत माझ्यासाठी." मैदान गच्च भरलं होतं, चिखलात चेंडू अडकत होता. उत्तरार्धात आपल्याला पेनल्टी मिळाली आणि छेत्रीनं पहिला गोल केला. काका उभे राहिले. "पेनल्टीनं हजेरी लावली रे," एवढंच बोलले. सामना आपण ३-० असा जिंकलो.

परतताना टॅक्सीत त्यांनी पुन्हा १९५८ चा सामना सांगायला घेतला. ऊन, टोपी, ट्राम. माझ्या घरी ती वही होती. मी म्हटलं, "काका, ते ट्राममधलं गाणं कुठलं होतं, पुन्हा सांगा." त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी ते गेले.

इतिहास लिहिणाऱ्यानं खरं तेच लिहावं, असं मी मानतो. म्हणून आज सांगितलं : परळच्या गिरणीतला तो बदली कामगार १९५८ च्या अंतिम सामन्याला हजर नव्हता. पण त्याच नोंदीत हेही घालायला हवं, की त्याचं कारण खातेवहींनी लिहून ठेवलं आणि त्याच्या मित्रांनी ते जन्मभर झाकून ठेवलं. वहीतलं खरं आणि टेबलावरचं खरं, दोन्ही माझ्याकडे आली आहेत. दोन्ही तुमच्या स्वाधीन करतो.

जाता जाता आमच्या पाण्याबद्दल. हिंदमाता तुंबू नये, म्हणून अलीकडच्या वर्षांत महापालिकेनं जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. एक दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि दुसरी परळच्या सेंट झेवियर्स मैदानात. या सेंट झेवियर्स मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला गेला. आमच्या चौकात साचणारं पाणी आता पंपानं ओढून त्या मैदानाच्या पोटात नेतात. अब्बा असते, तर त्यांना हा बेत पसंत पडला असता. काका विचारते, "पाणी किती वाजता पोचतं? मध्यंतराला?"

यंदा पाऊस लागला आणि टीव्हीवर आमचा चौक दिसला, तर जरा आवाज कमी करा आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, तुम्ही कूपरेजला जायचा का? तो म्हणेल, १९५८ च्या फायनलला मी होतो. तुम्ही हिशेब करू नका. चहा मागवा.